नऊ नंबरच्या दोन जर्सी

क्लबात सगळे त्याला शेपूटराव म्हणायचे. नाव चेष्टेतलं होतं, पण त्याने ते कधी मनाला लावून घेतलं नाही. शर्यत कुठलीही असो, जमीन कोरडी असो नाहीतर पोटरीभर चिखल असो, हा गडी शेवटून पहिला. बावीस वर्षांत त्याने एकाच माणसाला मागे टाकलं होतं, आणि नंतर कळलं की तो माणूस शर्यतीत नव्हताच, हरवलेला कुत्रा शोधत होता. ही गोष्ट तो स्वतःच सांगायचा आणि सगळ्यांच्या आधी हसायचा.

त्याची नोकरी इस्पितळाच्या धुलाईखान्यात होती. तळघरात दोन मोठी मशीन, एक ड्रायर आणि चादरी दाबायचा एक लांबलचक गरम रोलर. खिडकी एकच, तीही छताला टेकलेली, तिच्यातून रस्त्यावरच्या लोकांचे बूट तेवढे दिसायचे. सकाळी वॉर्डावॉर्डातून मळक्या कपड्यांच्या ढकलगाड्या यायच्या. धुण्याआधी मोजायचं आणि वहीत लिहायचं, हा तिथला पहिला धडा. तीस वर्षं मोजून मोजून त्याला अशी खोड लागली होती की तो बसमधली माणसंही मोजायचा आणि जिन्याच्या पायऱ्याही मोजायचा. एखाद्या वॉर्डातून एक चादर कमी आली, तर मात्र धुलाईखान्यात कुणी काही विचारत नसे. ती कुणाच्या तरी अंगावर पांघरलेली बाहेर गेली, हे सगळ्यांना न सांगता कळायचं.

पळायची हौस त्याची नव्हेच, त्याच्या बायकोची. ती एका शाळेच्या ऑफिसात टायपिस्ट होती. चाळिशीत तिला तीन मजले चढताना धाप लागायला लागली, तशी ती एके दिवशी उठली आणि क्लबात नाव घालून आली. हा बापडा थर्मास घेऊन मैदानाच्या कडेला उभा राहायचा. दोन हिवाळे कुडकुडल्यावर त्याच्या लक्षात आलं, की उभं राहून गारठण्यापेक्षा पळालेलं परवडलं. तिची पावलं आखूड आणि भराभर पडायची, शिवणयंत्राच्या सुईसारखी. हा मागून डुलत यायचा. ती कधीच पोचलेली असायची, पण गाडीत जाऊन बसायची नाही. अंगावर टॉवेल घेऊन शेवटच्या रेषेवर उभी राहायची आणि हा आला की दोनच शब्द बोलायची, "आलात? या."

त्या दोन शब्दांसाठी तो एकोणीस वर्षं पळाला. हे त्याने तिला कधी सांगितलं नाही. आपल्याकडच्या नवऱ्यांना असल्या गोष्टी वेळेवर सुचतात कुठे?

क्लब तसा लहान, बारा माणसांचा. शाळेतून निवृत्त झालेले कसरतीचे सर कप्तान, तेही सगळ्यांबरोबर पळायचे. आवाज असा की शेजारच्या शेतातली गुरं वळून बघायची. बाकी मग बेकरीवाला, पोस्टमन, एक वीजतंत्री, अशी कामाधामाची माणसं. झाडांची पानं गळायला लागली की क्लबाच्या चार शर्यती सुरू व्हायच्या, एक संपली की तीन आठवड्यांनी दुसरी. टेकडीवरून, ओढ्यातून, नांगरलेल्या रानातून. त्या दिवसांत पाऊस थांबून थांबून पडायचा आणि वाट नुसती काला होऊन जायची. शेजारच्या दोन गावांतले हौशी लोक पळायला यायचे आणि पळून झालं की आपापल्या गाड्यांतून निघून जायचे. मैदान आवरायचं काम या बारा जणांचं.

जर्सी क्लबाच्या मालकीच्या. त्या धुऊन आणायचं काम आपोआपच धुलाईखान्याच्या माणसाकडे आलं. शर्यतीच्या सकाळी तो एक मोठं कॅनव्हासचं पोतं घेऊन यायचा आणि घड्या केलेल्या जर्सी नंबराप्रमाणे वाटायचा. शर्यत संपली की ज्याने त्याने अंगातली ओली जर्सी उतरवून पोत्यात टाकायची आणि कोरडे कपडे चढवायचे. सरांनी यावर एक नियमच करून टाकला होता. "जर्सी पोत्यात, म्हणजे माणूस टेकडीखाली!" असं ते म्हणायचे. पोत्यात बारा जर्सी झाल्याशिवाय गाड्या हलवायच्या नाहीत. मोजणारा अर्थात शेपूटराव. तो नाहीतरी सगळ्यांच्या शेवटी यायचा, म्हणून वाटेवर खोचलेल्या काठ्या आणि लाल फिती गोळा करत यायचं कामही त्याच्याच गळ्यात पडलं होतं. त्यामुळे तो आधीपेक्षाही उशिरा यायला लागला. तो आला, त्याने स्वतःची जर्सी काढून पोत्यात टाकली, "बारा" म्हणाला, की दिवस संपला.

तीन वर्षांपूर्वी हिवाळ्याच्या शेवटी बायको गेली. अकरा दिवसांचं दुखणं, त्याच इस्पितळात, त्याच्या मशीनच्या बरोबर चार मजले वर. रजेवरून परत आल्यावर त्याने वही उघडली. त्या तारखेला, त्या वॉर्डापुढे, जोडीदाराने लिहून ठेवलं होतं, चादर एक कमी. त्याने ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली, मग वही मिटली आणि मशीन सुरू केलं.

घर खायला उठायचं. दोन खोल्यांचं घर, पण त्याला ते रिकाम्या गोदामाएवढं वाटायला लागलं. तो रेडिओ लावायचा आणि ऐकायचा नाही. दूर राहणारी मुलगी रविवारी फोन करायची, "बाबा, जेवलात ना?" आणि हा भांडं घासत घासत "हो हो, पोटभर" म्हणायचा, मग ते भांडं कालचं का असेना. रेषेवर आता कुणी टॉवेल घेऊन उभं नसायचं. सर शेवटची काठी हातात धरून थांबलेले असायचे खरे, पण त्यांचं लक्ष घड्याळाकडे. तरी शेपूटराव पळत राहिला. कुणीतरी आपली वाट बघतं अशी जगात तेवढी एकच जागा त्याला उरली होती.

दोन मोसम असे गेले, आणि तिसऱ्याच्या सुरुवातीला एक नवी मुलगी क्लबात आली. दातांच्या दवाखान्यात काम करायची, हसली की आधी दात दिसायचे. सर शेपूटरावाला बाजूला घेऊन म्हणाले, "तिला नऊ नंबर द्या. वहिनींचा. रिकामा आहे तो." सरांचं चुकलं नव्हतं. पुन्हा बारा माणसं झाली होती, बारा जर्सी होत्या.

"देतो," तो म्हणाला. आणि दुसऱ्याच दिवशी त्याने तसल्याच कापडाची, तसल्याच रंगाची एक नवी जर्सी शिवून आणली आणि तिच्यावर नऊ आकडा घातला.

बायकोची जर्सी त्याने दिली नाही. तिला आतून एक छोटा खिसा होता, बायकोनेच शिवलेला, घराची किल्ली ठेवायला. किल्ली तिच्याकडे असायची, कारण ती आधी पोचायची. आता शर्यतीच्या सकाळी तो दाराला कुलूप लावायचा, किल्ली त्या खिशात घालायचा, बटण लावायचा आणि ती जर्सी पोत्याच्या तळाशी ठेवायचा. वरच्या बारा वाटल्या जायच्या, ही तळाशी राहायची. मग शर्यत संपली की लोक तिच्यावर आपल्या चिखलाच्या जर्सी फेकायचे आणि घरी येईपर्यंत तीही बाकीच्यांसारखी बरबटून जायची. तो ती बाकीच्यांबरोबर धुवायचा. पोत्यात तेरा असायच्या, तो तोंडाने "बारा" म्हणायचा. यात कुणाचं काय जात होतं? म्हातारपणी माणसाने एवढंही खोटं बोलू नये की काय!

त्या वर्षीच्या तिसऱ्या शर्यतीला आभाळ फाटलं. लोक निम्म्यात असतानाच ओढा फुगायला लागला, आणि मैदानाकडून गावात जायच्या रस्त्यावर एक ठेंगणा पूल होता, तो पाण्याखाली जायची चिन्हं दिसायला लागली. बाहेरचे लोक पोचले तसे पळाले. सरांनी आरडाओरडा करून सगळं आवरायला घेतलं. काही जण सरांच्या व्हॅनमध्ये शिरले, काही बेकरीवाल्याच्या गाडीत.

"पोतं मोजा!" सर पावसातून ओरडले.

पोत्याजवळ ती दवाखान्यातली मुलगी होती. तिने हात घालून चिखलाचे गोळे एकेक करून मोजले. नंबर दिसण्याचा प्रश्नच नव्हता, अंगावरचे कपडेही ओळखू येत नव्हते.

"बारा, सर!"

"चला, निघा!"

व्हॅनमधल्यांना वाटलं, शेपूटराव गाडीत आहे. गाडीतल्यांना वाटलं, व्हॅनमध्ये आहे.

त्या वेळी तो ओढ्याच्या अलीकडे, एका खाचेत पाय मुरगळून बसला होता. काखेत एकोणीस काठ्या आणि गळ्यात फितींचं भेंडोळं. घोटा बघता बघता टम्म फुगला. फोन नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या फोनबरोबर सरांच्या डब्यात. तो घाबरला नाही. त्याला ठाऊक होतं, पोत्यात अकरा भरल्या की सर थांबतात, फार तर शिव्या घालतात. त्याने दोन काठ्यांचा आधार केला आणि निघाला. एरवी दहा मिनिटांची वाट, त्याला तासभर लागला. वाटेतल्या उरलेल्या काठ्याही त्याने उपटून घेतल्या. काम म्हणजे काम.

झाडीतून तो बाहेर आला आणि मैदान मोकळं होतं.

गाड्यांच्या चाकांचे दोन चर तेवढे होते, त्यांत पाणी भरत होतं. शेवटच्या रेषेच्या खुंट्या उपटल्याची चार भोकं होती. शेपूटराव त्या भोकांपाशी येऊन उभा राहिला. रेष ओलांडावी की नाही हेही त्याला कळेना, कारण रेषच नव्हती. आधी त्याला सरांचा राग आला. मग वाटलं, सर असे जायचे नाहीत. सर तापट आहेत, पण मोजल्याशिवाय हलणारा माणूस नाही. मोजलं असणारच, आणि मोजून बारा भरल्या असणार. अकरा जणांच्या अकरा आणि...

तो मैदानाच्या कडेच्या पत्र्याखाली एका उपड्या खोक्यावर बसला. त्याला हसू आलं. चांगलं मोठ्याने हसला तो, ऐकायला कुणी नव्हतंच. तीस वर्षं मोजणीत घालवलेला माणूस, आणि स्वतःच स्वतःला मोजणीतून बाद करून बसला. मग हसता हसता तो रडायला लागला. बायको गेली तेव्हा चार माणसांत त्याला रडता आलं नव्हतं. आज पावसाचा आवाज एवढा होता की लाजायचं कारण नव्हतं. सरळ गणित होतं. तिला त्या पोत्यात ठेवायचं, तर त्याच्यासाठी कुणी थांबणार नव्हतं. आणि कुणी थांबायला हवं असेल, तर तिला त्यातून काढायला हवं. दोन्ही एकदम होणार नव्हतं, आणि इतके दिवस तो दोन्ही करत आला होता.

दोन तासांनी लांबच्या वळणाच्या रस्त्याने व्हॅन आली. पूल पाण्याखाली गेला होता. दोन्ही गाड्या गावातल्या क्लबाच्या खोलीवर पोचल्या आणि तिथे एकमेकांची तोंडं बघितल्यावर सगळ्यांच्या पायाखालची जमीन सरकली होती. सर व्हॅनमधून जवळजवळ उडी मारूनच उतरले.

"अहो, तुम्हाला काही अक्कल?" ते ओरडले. "असं मागे राहतात का?" आणि मग त्यांनी स्वतःचा कोट काढून त्याच्या अंगावर टाकला. "बारा भरल्या होत्या हो. शपथ. पोरीने नीट मोजल्या."

"बरोबर मोजल्या तिने," शेपूटराव म्हणाला. "माझंच चुकलं."

काय चुकलं, हे सरांनी विचारलं नाही. माणूस थंडीने बडबडतोय असं त्यांना वाटलं असावं.

व्हॅनच्या मागच्या सीटवर ती मुलगी बसली होती. डोळे सुजलेले. व्हॅन सुरू झाल्यावर तिने हळूच आपल्या पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं काढून त्याच्या मांडीवर ठेवली.

"मी सगळ्या जर्सी नळाखाली धरून फरशीवर पसरल्या, काका. कोण राहिलंय ते बघायला. नऊ नंबरच्या दोन निघाल्या." ती एवढ्या हळू बोलत होती की सरांना ऐकू जाणं शक्य नव्हतं. "एकीला आत खिसा होता. त्यात किल्ली होती."

त्याने पुडकं वरूनच चाचपलं. किल्ली हाताला लागली.

"मला वाटायचं मी काकूंचीच घालते," ती म्हणाली. "नवी कोरी कशी, असं मनात यायचं. मी कुणाला सांगितलं नाहीये."

"तू चांगली पोर आहेस," तो म्हणाला, आणि पुडकं कोटाच्या आत घेतलं.

घोट्याला प्लास्टर बसलं. धुलाईखान्यात त्याला स्टुलावर बसवून ठेवलं, फक्त मोजायला. मोसमातली शेवटची शर्यत तीन आठवड्यांनी होती, आणि तिच्यात त्याने पळायचा सवालच नव्हता. फिती आणि काठ्या गोळा करत शेवटून यायचं काम मुलीने मागून घेतलं. सर म्हणाले, तुम्ही घरीच आराम करा. पण जर्सी कोण नेणार?

शर्यतीच्या सकाळी पोतं भरायला त्याला फार वेळ लागला. दोन्ही नऊ नंबर पलंगावर पसरलेले होते. एक ताठ, गडद. दुसरा धुऊन धुऊन पातळ झालेला, बगलेत उसवून पुन्हा शिवलेला. तो बराच वेळ पलंगाच्या काठावर बसून राहिला. खाली पोस्टमनने दोनदा हॉर्न वाजवला. मग त्याने नवी जर्सी घडी करून कपाटात ठेवली आणि जुनी पोत्यात ठेवली, तळाशी नाही, सगळ्यांत वर.

मैदानावर त्याने ती मुलीच्या हातात दिली.

"आज ही घाल."

तिने बोटांनी आतला खिसा चाचपला. "काका, नक्की?"

"किल्ली आहे आत. बटण नीट लाव, नाहीतर मला रात्री दाराबाहेर बसावं लागेल."

शर्यत सुटली आणि सगळे झाडीत दिसेनासे झाले. तो एका हातात टॉवेल घेऊन, कुबडीवर भार देऊन रेषेजवळ उभा राहिला. एकेक जण येत गेला, चिखलाने माखलेला, धापा टाकणारा. पोस्टमन आला, वीजतंत्री आला, बेकरीवाला आला तो ओढ्यात आपटून. पोत्यात जर्सी पडत गेल्या. आठ, नऊ, दहा. माणसं कोरडे कपडे चढवून गाड्यांकडे गेली. पावसाची भुरभुर सुरू झाली.

"तुम्ही व्हॅनमध्ये बसा," सर म्हणाले. "प्लास्टर भिजतंय. मी थांबतो."

"नको. मी थांबतो."

सरांनी त्याच्याकडे बघितलं. मग ते व्हॅनकडे गेले.

एकोणीस वर्षं या जागेवर ती उभी असायची. एवढी थंडी असते इथे, हे त्याला ठाऊक नव्हतं. पळणाऱ्याला थंडी वाजत नाही, थांबणाऱ्याला वाजते. तिने कधी तक्रार केली नव्हती. त्याने कधी विचारलंही नव्हतं.

झाडीच्या टोकाशी काहीतरी हाललं. काखेत काठ्या, गळ्यात फिती, आणि छातीवर नऊ. पावसात चेहरा दिसत नव्हता, आकडाच दिसत होता. दोन-चार पावलं अशी गेली, की त्याने हातातला टॉवेल उलगडलासुद्धा. मग ती जवळ यायला लागली तशी तिची चाल दिसली. लांब लांब ढांगा. बायकोची पावलं अशी पडत नसत.

ती नव्हती. अर्थात ती नव्हती, हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं. पण तीन वर्षं माहीत असलेली गोष्ट त्याला आत्ता, पाय चिखलात रुतवून उभं असताना, पहिल्यांदा खरी वाटली. त्याने डोळे पुसले नाहीत. पाऊस होताच.

मुलगी रेषेवर आली आणि गुडघ्यांवर हात टेकून वाकली.

"आलीस? ये," तो म्हणाला आणि टॉवेल तिच्या पाठीवर टाकला.

तिने पत्र्यामागे जाऊन कपडे बदलले. खिशातून किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली. ती अजून गरम होती. मग तिने ती जर्सी दोन्ही हातांनी धरून त्याच्यापुढे केली, पोत्यात टाकली नाही. त्यानेच ती घेतली आणि इतरांच्या जर्सींवर ठेवली.

"अकरा," तो म्हणाला.

"सगळे आले?" सर व्हॅनच्या खिडकीतून ओरडले.

त्याने पोत्यात पुन्हा एकदा बघितलं. मग टेकडीकडे, झाडीच्या त्या टोकाकडे बघितलं. वाटेवर आता एकही फीत उरली नव्हती.

"आले," तो म्हणाला आणि पोत्याच्या तोंडाला गाठ मारली.